स्पूफ सिनेमे एन्जॉय करायला मूळ सिनेमे आधी बघावेच लागतात का?

तुम्ही लिहिलंय की मित्र सांगतात "डोकं बाजूला ठेवून बघ", तरी तुम्हाला हसू येत नाही. हेच वाक्य मी मोठ्या भावाकडून वर्षानुवर्षं ऐकलंय म्हणून उत्तर लिहायला बसलो. साफ चुकीचा सल्ला आहे. स्पूफ म्हणजे गंभीर सिनेमांचं विडंबन, आणि ते बघताना डोकं जास्त लागतं, कारण एक सिनेमा समोर चालू असतो आणि दुसरा मनात चालू ठेवावा लागतो.

दादा जुन्या सिनेमांचा पक्का भक्त. वेस्टर्न म्हणजे काउबॉयपट, रहस्यपटवाला दिग्दर्शक हिचकॉक, युद्धपट, सगळं तोंडपाठ. त्याच्या मते विडंबन म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर उड्या, स्वतःचं काही सुचत नाही त्यांचा उद्योग. मी शाळेत असताना 'एअरप्लेन!' (1980) हा विमानपटांची टर उडवणारा स्पूफ लावला की तो खोलीतून उठून जायचा, आणि मला त्याला उलट उत्तर देता यायचं नाही याचं फार वाईट वाटायचं, कारण मला तो सिनेमा मनापासून आवडायचा पण का आवडतो ते सांगता येत नव्हतं.

मग मला 'झीरो अवर!' (1957) सापडला. ब्लॅक अँड व्हाइट, पूर्ण गंभीर सिनेमा. विमानात मासे खाल्लेले सगळे आजारी पडतात, पायलटसुद्धा, आणि विमान उतरवायची जबाबदारी येते युद्धाच्या आठवणींनी खचलेल्या एका माजी वैमानिकावर. 'एअरप्लेन!' करणारी तिघं मंडळी टिंगल करायला जाहिराती मिळाव्यात म्हणून रात्रीचा टीव्ही रेकॉर्ड करायची, त्यात हा सिनेमा टेपवर आला. त्यांनी त्याचे हक्क विकत घेतले आणि कथा, हीरोचं आडनाव, कितीतरी डायलॉग, इतकंच काय नावातलं उद्गारचिन्हसुद्धा ठेवलं!

एका सुट्टीत दादाला बळंच बसवलं. दोन लॅपटॉप शेजारी शेजारी, सीन पॉज करत करत. 1957 च्या सिनेमात कॅप्टन झालाय एलरॉय हर्श, अमेरिकन फुटबॉलचा खराखुरा खेळाडू, म्हणून 1980 मध्ये को-पायलटच्या खुर्चीत बास्केटबॉलचा करीम अब्दुल-जब्बार. हे दादाला मीच सांगितलं. पण पुढचं त्याने स्वतः पकडलं. 'एअरप्लेन!'मध्ये बाहेरून विमान दिसलं आणि तो म्हणाला, "थांब, मागे घे." मागे घेतलं. परत ऐकलं. विमान जेटचं आणि आवाज पंख्याचा! जुन्या सिनेमातल्या विमानाला पंखे होते, तोच घरघराट यांनी जेटला लावलाय, अख्खा सिनेमाभर. मी तो सिनेमा कितीतरी वेळा बघितला होता, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्याने दहा मिनिटांत ऐकलं, कारण जुना आवाज त्याच्या कानात ताजा होता. आणि तो हसला, अगदी खळखळून.

माझं म्हणणं हेच आहे की असा जोक करायला मूळ सिनेमा फ्रेम न् फ्रेम माहीत असावा लागतो. जुन्या भयपटांचा स्पूफ 'यंग फ्रँकेन्स्टाइन' (1974) घ्या. दिग्दर्शक मेल ब्रुक्स ब्लॅक अँड व्हाइटवर अडून बसला, त्यासाठी एक स्टुडिओ सोडला, आणि प्रयोगशाळेतली ठिणग्या उडवणारी यंत्रं 1931 च्या मूळ 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये वापरलेलीच मिळवून आणली. ज्याला नुसती चेष्टा करायचीय तो एवढी मेहनत कशाला घेईल? 'एअरप्लेन!'ला संगीत दिलंय एल्मर बर्नस्टीनने, 'द मॅग्निफिसंट सेव्हन' या गाजलेल्या वेस्टर्नवाल्याने, आणि ते गंभीर सिनेमासारखंच वाजतं. त्यातला डॉक्टर झालेला लेस्ली नील्सन तोपर्यंत गंभीर नट होता, 'द पोसायडन अॅडव्हेंचर' (1972) मध्ये बुडणाऱ्या जहाजाचा कॅप्टन तोच. इथेही तो चेहऱ्यावरची रेघ हलू देत नाही.

तर तुमचा प्रश्न. सगळे मूळ सिनेमे बघायची गरज नाही, त्या प्रकारातले एक-दोन चांगले बघा म्हणजे सवयीचे प्रसंग ओळखीचे होतात. मी स्वतः लहानपणी काहीही न बघता हसलोच होतो. मात्र एकटे बघू नका, त्या प्रकारावर जीव असलेल्या माणसाला शेजारी बसवा, तो जिथे हसेल तिथे नीट बघा.

हां, एक राहिलं. सगळेच स्पूफ या लायकीचे नसतात. 2000 नंतर बरेचसे असे आले की नुकत्याच गाजलेल्या सिनेमातलं पात्र आणायचं, त्याला आपटायचं, झाला जोक. ते बघून हसू आलं नसेल तर दोष तुमचा नाही, तिथे दादाचं म्हणणं मला मान्य आहे. 'एअरप्लेन!'मधलेही काही जोक आज खटकतात.

दादा अजून म्हणतो 'एअरप्लेन!' तेवढा अपवाद आहे. पुढच्या सुट्टीला त्याला 'हाय अँग्झायटी' (1977) दाखवणार आहे. तो हिचकॉकच्या सिनेमांचा स्पूफ, ब्रुक्सने हिचकॉकलाच अर्पण केलाय, आणि हिचकॉकवर दादाचा किती जीव आहे ते मला माहितीय.