सासूबाईंसह केनिया: ऑगस्ट नको, पुढच्या वर्षीचा जून धरा

नाशिकहून एका वाचक ताईंनी विचारलं आहे: "दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ४२ हजार. घराचा हप्ता ३१ हजार, एसआयपी १५ हजार, घरखर्च सगळा धरून ५८ हजार. एफडी ६ लाख २० हजारांची. यजमानांचा दिवाळी बोनस ८० हजार. मुलगा सातवीत, मुलगी नोव्हेंबरमध्ये सात वर्षांची झाली. सासूबाई ६७ वर्षांच्या, त्यांना प्राण्यांचं फार वेड. या ऑगस्टमध्ये पाचही जणांनी केनियाला जायचं मनात आहे. टूरवाल्यांनी मसाई मारा, अंबोसेली धरून ७ रात्रींचे ८ लाख २० हजार सांगितले. एफडी मोडावी की पर्सनल लोन घ्यावं? सासूबाई तर पाटल्या मोडू म्हणतात."

ताई, केनियाला जरूर जा. पण एफडी, लोन आणि पाटल्या, तिन्हींना हात लावू नका.

घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ८९ हजार लागतात. सहा महिन्यांचे झाले ५ लाख ३४ हजार. म्हणजे तुमची एफडी ही खरं तर अडीनडीची गंगाजळी आहे. त्यातले फार तर ८० हजार मोकळे समजा. पर्सनल लोनचं म्हणाल तर ५ लाख तीन वर्षांसाठी १४ टक्क्यांनी घेतले तर हप्ता १७ हजारांच्या वर जातो आणि व्याजच १ लाख १५ हजारांच्या आसपास भरावं लागतं. शेवटचा हप्ता फिटेल तेव्हा मुलाची दहावी होऊन गेलेली असेल.

आता ऑगस्टच का, ते पाहू. जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्ट या मोठ्या आफ्रिकी हरणांचे कळप टांझानियातल्या सेरेंगेटीतून केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात येतात आणि मारा नदी ओलांडतात. ते पाहायला जग लोटतं, त्यामुळे भावही तेव्हाच चढतात. मसाई माराची प्रवेश फी परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आहे, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. ९ ते १७ वर्षांच्या मुलांना ५० डॉलर, त्याहून लहानांना फी नाही. तुमच्या घरात तीन प्रौढ, एक मुलगा आणि फी न लागणारी मुलगी. ऑगस्टमध्ये दिवसाचे ६५० डॉलर, जूनमध्ये ३५०. तीन दिवसांत ९०० डॉलरचा फरक पडतो. डॉलर ९० रुपये धरला तर हे ८१ हजार झाले. शिवाय बऱ्याच लॉजचे चढे दरही जुलैपासूनच लागतात.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मोठा पाऊस सरलेला असतो आणि आपल्याकडे शाळा उघडलेल्या नसतात. गवत उंच असतं, कळप यायचे असतात, हे खरं. पण सिंह, हत्ती, जिराफ, पाणघोडे वर्षभर तिथेच असतात. नदी ओलांडण्याचं दृश्य ऑगस्टमध्येही हमखास दिसत नाही, लोक काठावर तासन्‌तास गाड्या लावून बसतात आणि कळप कधी कधी मागे फिरतो. तेवढ्यासाठी तुमच्यासारख्या घरानं कर्ज काढावं असं मला मुळीच वाटत नाही.

पुढच्या वर्षीच्या जूनच्या पुढेही ढकलू नका. तेव्हा मुलगा नववीत जाईल, त्यानंतर दहावी येते. मुलगी तेव्हा ८ वर्षांची, म्हणजे फी नाहीच. आजपासून १६ महिने हातात आहेत. हप्ता, एसआयपी, घरखर्च जाऊन तुमच्याकडे ३८ हजार उरतात. त्यातले ३० हजार आरडीत टाका, शेअर बाजारात नको. सव्वासहा-साडेसहा टक्के व्याज धरून ५ लाखांच्या आसपास जमतील. यजमानांचा दिवाळी बोनस ८० हजार लिहिला आहे, तो पूर्ण इकडे वळवा, आणि एफडीतले मोकळे ८० हजार. झाले ६ लाख ६० हजार. एसआयपी थांबवायची गरज नाही. हात आखडता मात्र घ्यावा लागेल, यंदाच्या दिवाळीत मोठी खरेदी नाही.

खर्चाच्या बाजूला कोटेशनमधलं अंबोसेली हे दुसरं अभयारण्य काढून टाका. किलिमांजारोच्या पायथ्याचे हत्ती सुंदर दिसतात, पण अंबोसेली नैरोबीच्या दक्षिणेला टांझानियाच्या सीमेजवळ आणि मारा पश्चिमेला. एकीकडून दुसरीकडे जायला अख्खा दिवस गाडीत जातो, आणि बरोबर ६७ वर्षांच्या बाई आहेत. नैरोबी, नैवाशा सरोवर, मग मारात तीन दिवस, एवढं भरपूर आहे. माझ्या अंदाजानं दोन रात्री कमी झाल्या की सव्वा लाखाच्या जवळपास वाचतील. फीचे ८१ हजार धरून टूर सहा लाख वीस हजारांवर येते. ईटीए (केनियात शिरण्याची ऑनलाइन परवानगी), लस, विमा, ड्रायव्हरची बक्षिसी, बाटलीबंद पाणी यांना ६० हजार वेगळे ठेवा. जी १५-२० हजारांची तूट राहते ती सासूबाईंना त्यांच्या पेन्शनमधून घालू द्या. त्यांनाही बरं वाटेल आणि पाटल्या हातात राहतील. डॉलर वाढला तर लॉजच्या कमी दरात तो बराचसा भरून निघेल.

टूरवाल्यांकडून लेखी घ्या: पार्कची फी किती दिवसांची धरली आहे? फी सकाळी ६ ते संध्याकाळी ६ अशी बारा तासांची असते. पार्कच्या आत राहिलात तर शेवटच्या दिवशी सकाळी १० पर्यंत बाहेर पडावं लागतं, नाहीतर आणखी एक दिवस मोजला जातो. छत उघडणारी लँड क्रूझर फक्त तुमच्या पाच जणांना आहे की दुसऱ्या कुटुंबाबरोबर? रद्द केलं तर कोणत्या तारखेपर्यंत किती कापतात? टूरवर टीसीएस, म्हणजे टूरवाल्यांनी तुमच्याकडून गोळा करून सरकारला भरायचा कर, लागेल. तो खर्च नव्हे, आयकरात वळता होतो, नोकरदाराला कंपनीला कळवून पगारातला टीडीएस तेवढा कमी करून घेता येतो. म्हणून पैसे ज्यांचा कर कापला जातो त्यांच्याच खात्यातून आणि पॅनवर भरा.

माझी खरी काळजी सासूबाईंची आहे. केनियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठीनंतर तिचे गंभीर दुष्परिणाम तरुणांपेक्षा जास्त दिसतात. मलेरियाच्या गोळ्याही लागतील. म्हणून आरडी सुरू करायच्या आधी त्यांना डॉक्टरांकडे न्या, चालू गोळ्यांची यादी घेऊन. प्रवास विम्यात बीपी, साखर, जे असेल ते लिहा आणि हवाई रुग्णवाहिकेचा खर्च त्यात आहे का ते पाहा. नैरोबी ते मारा रस्त्यानं पाच-सहा तास लागतात, विल्सन विमानतळावरून छोट्या विमानानं पाऊण तास. निदान त्यांचं आणि सोबत एकाचं जातानाचं विमान परवडतंय का ते कोटेशनमध्ये मागा. त्यात सामान १५ किलोच, तेही मऊ बॅगेत.

डॉक्टरांनी लस नको म्हटलं तर सासूबाईंना घरी ठेवून जाण्यापेक्षा दक्षिण आफ्रिकेतलं पिलान्सबर्ग अभयारण्य पाहा. तिथे मलेरिया नाही, जोहान्सबर्गहून गाडीनं अडीच तासांच्या आत पोचता, आणि जून तिथला कोरडा हिवाळा, म्हणजे प्राणी सहज दिसतात. भारतातून आखाती देशांमार्गे गेलात तर पिवळ्या तापाच्या लसीचा प्रश्न येत नाही. व्हिसाला मात्र वेळ लागतो. तसं ठरलं तर त्याचं कोटेशन पाठवा, हिशोब पुन्हा मांडू.