राउटरचं फर्मवेअर बदलणं बेकायदेशीर आहे का, आणि 'देश' कोणता निवडायचा?

तुमचे दोन प्रश्न आहेत. घरच्या राउटरवर कंपनीचं फर्मवेअर (आत चालणारं मूळ सॉफ्टवेअर) काढून ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत, खुलं फर्मवेअर टाकणं गुन्हा आहे का? मित्र म्हणतो, अमेरिकेने त्यावर बंदी घातली. आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही, तर एका व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे सेटिंगमध्ये भारताऐवजी अमेरिका निवडू का? फर्मवेअर जरूर टाका. देश मात्र भारतच ठेवा; कुठली चॅनल आणि किती शक्ती वापरायची ते राउटर त्यावरून ठरवतो. ही दोन उत्तरं एकमेकांना कशी बांधलेली आहेत ते समजावं म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी आपल्याकडचा कायदा. आपल्याकडे वायफायच्या पट्ट्यांना परवाना लागत नाही, पण ही सूट अटींवर आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये मोकळा झाला. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग, ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ, ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने. अटी लहरींबद्दल आहेत: ठरवून दिलेली शक्ती ओलांडायची नाही, दुसऱ्याच्या यंत्रणेला त्रास द्यायचा नाही, कुणाचा त्रास झाला तर संरक्षण मागायचं नाही, आणि उपकरण मंजुरी मिळालेल्या प्रकारचं हवं. आत कोणाचं सॉफ्टवेअर चालतं, याबद्दल त्यात अट नाही. त्यामुळे फर्मवेअर बदलून तुम्ही मर्यादेत राहिलात तर सूट शाबूत राहते. मर्यादा ओलांडलीत तर ती जाते, मग फर्मवेअर कंपनीचं असो की तुमचं.

आता 'अमेरिका' निवडण्याबद्दल. सगळ्यात आधी तुमचंच नुकसान होईल. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १ ते १३ मिळतात, अमेरिका निवडली की १२ आणि १३ बहुधा दिसेनासे होतात. शक्ती वाढवून रेंज वाढते ही समजूतही अर्धीच खरी आहे. राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी तुमच्या फोनचा ट्रान्समीटर तेवढाच लहान राहतो. आतल्या खोलीपर्यंत हाक पोचते, पण तिथून दिलेली ओ राउटरला ऐकू येत नाही. फोनवर रेषा पूर्ण दिसतात आणि पान मात्र उघडत नाही, ते यामुळे. शिवाय राउटरचा अँप्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर ताणला की सिग्नल विकृत होतो आणि वेग उलट पडतो. आतल्या खोलीसाठी एक केबल ओढा आणि तिथे जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय पुरवायला, लावा. याइतका खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

शिवाय देश खरा सांगितलात तर ओपनडब्ल्यूआरटीत तुम्हाला कदाचित जास्त चॅनल मिळतील. २०१८ च्या आधीच्या कित्येक राउटरांच्या मूळ फर्मवेअरमध्ये भारताचे जुने नियमच गोठलेले आहेत. ओपनडब्ल्यूआरटी ज्यावर उभं आहे त्या लिनक्सची देशवार नियमांची एक उघडी सूची आहे, 'वायरलेस-रेगडीबी'. एखाद्या देशाचा नियम बदलला की कोणीतरी अधिसूचनेचा दाखला देऊन दुरुस्ती पाठवतं आणि ती पुढच्या आवृत्तीत येते. म्हणजे कायद्याच्या बाबतीत उघडं फर्मवेअर कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फर्मवेअरपेक्षा ताजं असतं. हे फार लोकांच्या लक्षात येत नाही.

मित्राने सांगितलेली गोष्ट कुठून आली तेही सांगतो. मुळाशी रडार आहे. विमानतळांजवळ वादळी वारे ओळखणारी अमेरिकेतली डॉप्लर रडारं ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झवर चालतात. २००९ मध्ये पोर्टो रिकोतल्या सान हुआनच्या रडारवर खोटे पट्टे उमटू लागले. शोध घेतल्यावर त्याच पट्ट्यात चाललेली ५ गिगाहर्ट्झची उपकरणं सापडली, आणि पुढे जी प्रकरणं झाली त्यांत घरातले राउटर नव्हे तर इंटरनेट पुरवठादारांनी उंचावर बसवलेली यंत्रं प्रामुख्याने होती. धोका खरा होता. म्हणूनच या चॅनलांवर बोलण्याआधी किमान एक मिनिट नुसतं ऐकायचं, रडार आढळलं तर चॅनल सोडायचं आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही, असा नियम आहे. कुठल्या 'जुगाडा'त हे ऐकणं बंद करायला सांगितलं असेल तर कृपा करून करू नका. मुंबईत वेरावलीला २०२२ मध्ये सुरू झालेलं हवामान खात्याचं रडारही सी बँडमधलंच, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ ज्यात येतं त्या पट्ट्यातलंच, आहे, आणि जुलैच्या पावसात आपण सगळे त्याच्याच चित्रांकडे डोळे लावून बसतो.

तर अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, २०१४ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे नियम कडक केले आणि मार्च २०१५ मध्ये उत्पादकांसाठी एक मार्गदर्शक कागद काढला. त्यात एक प्रश्न होता: डीडी-डब्ल्यूआरटीसारखं बाहेरचं फर्मवेअर बसवलं जाऊ नये म्हणून उपकरणात काय बंदोबस्त केला आहे, ते तपशीलवार सांगा. एका मोफत प्रकल्पाचं नाव घेऊन सरकारी कागदाने असं विचारल्यावर जगभर खळबळ उडाली. ऑक्टोबरमध्ये राउटरच्या खुल्या सॉफ्टवेअरवर काम करणारे डेव्ह टाट आणि इंटरनेटच्या जनकांपैकी एक व्हिंट सर्फ यांच्यासह २६० जाणकारांनी एफसीसीला पत्र लिहिलं. मला ते पत्र आजही महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात नुसता विरोध नव्हता, उलटा प्रस्ताव होता: फर्मवेअरचा सोर्स खुला करा, आणि नियमभंग किंवा सुरक्षेचं भोक जाहीर झालं की ४५ दिवसांत दुरुस्ती देणं उत्पादकावर बंधनकारक करा. नोव्हेंबरमध्ये एफसीसीने तो प्रश्न काढून टाकला आणि स्पष्ट केलं की आपला रोख फक्त रेडिओ मर्यादेबाहेर नेणाऱ्या बदलांवर आहे.

म्हणजे कागदावर बंदी आली नाही. प्रत्यक्षात मात्र नुकसान झालं, आणि मित्राचा गैरसमज तिथलाच आहे. राउटरमध्ये रेडिओ आणि बाकीचा संगणक हे दोन भाग असतात. कायद्याला फक्त रेडिओला कुलूप हवं होतं. पण नेमकं तेवढंच कुलूप बसवायला डोकं आणि पैसा लागतो. राउटर सुरू करणाऱ्या बूटलोडर या प्रोग्रामलाच कंपनीच्या डिजिटल सहीची अट लावून अख्खा राउटर बंद करणं स्वस्त पडतं. लिंक्सिसने २०१६ मध्ये डब्ल्यूआरटी मालिकेतल्या काही मॉडेलांमध्ये रेडिओची माहिती वेगळ्या जागी ठेवून बाकी राउटर खुला राखला. टीपी-लिंकने त्या वर्षी आधी सरसकट कुलपाचा रस्ता धरला. नंतर ऑगस्ट २०१६ मध्ये एफसीसीने त्याच कंपनीला २ लाख डॉलर भरायला लावले, आणि कारण बघा: कंपनीच्या स्वतःच्या फर्मवेअरमधल्या देश निवडण्याच्या सोयीमुळे २.४ गिगाहर्ट्झवर मर्यादेपेक्षा जास्त शक्ती वापरता येत होती. त्याच समझोत्यात बाहेरचं फर्मवेअर चालू शकेल यासाठी काम करण्याचं कंपनीने मान्य केलं. नियम मोडण्याची सोय मूळ फर्मवेअरमध्ये होती आणि संशय मात्र आमच्यासारख्यांवर, हे मला अजूनही लागतं.

म्हणूनच 'देश बदला, पॉवर वाढवा' असे व्हिडिओ बघितले की जीव तुटतो. बूटलोडरला कुलूप लावणाऱ्याला नेमकं हेच उदाहरण हवं असतं.

युरोपातही हाच वाद आहे. तिथल्या रेडिओ उपकरण निर्देशात, २०१४/५३ मध्ये, एक कलम असं आहे की काही वर्गांच्या उपकरणांत फक्त नियमांशी जुळणारं ठरलेलं सॉफ्टवेअरच चढवता यावं. ते एखाद्या वर्गाला लागू करायला युरोपीय आयोगाचा स्वतंत्र आदेश लागतो. जर्मनी-नेदरलंड्समधल्या आपल्या मंडळींनी त्यावर लक्ष ठेवावं.

एवढा आटापिटा कशासाठी, तर माझ्याकडे एका कंपनीचा चांगला धडधाकट राउटर होता. दोन वर्षांत अपडेट थांबले, गंभीर त्रुटी जाहीर झाली, कंपनीकडून उत्तर आलं: नवा घ्या. बूटलोडर बंद होता. माझ्या पैशाने घेतलेली वस्तू मला दुरुस्त करता आली नाही, शेवटी ई-कचऱ्यात दिली. दुसरीकडे, कोणीतरी मोठी फाईल चढवत असताना व्हिडिओ कॉल अडखळतो, तो त्रास कमी करणारं एफक्यू-कोडेल हे तंत्र डेव्ह टाट आणि त्यांच्या सोबत्यांनी ओपनडब्ल्यूआरटीवरच्याच एका प्रायोगिक फर्मवेअरमध्ये घासूनपुसून घेतलं. २०१२ पासून ते लिनक्समध्ये आहे. ते राउटर कुलूपबंद असते तर हे काम कुठे झालं असतं? टाट एप्रिल २०२५ मध्ये गेले. त्यांचं ऋण आपल्या प्रत्येकाच्या घरात चालू आहे.

आणि नियम पाळून खुलेपणा जमतच नाही म्हणणाऱ्यांना २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर मिळालं. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ही खुल्या सॉफ्टवेअरसाठी काम करणारी संस्था आणि ओपनडब्ल्यूआरटी यांनी मिळून 'ओपनडब्ल्यूआरटी वन' हा राउटर आणला. तो एफसीसीच्या चाचण्या पूर्ण पार करून आला आहे. फ्लॅश करताना, म्हणजे नवं फर्मवेअर चढवताना, चूक झाली तरी परत उठवता यावा म्हणून त्यात दोन स्वतंत्र फ्लॅश मेमरी आहेत.

आता तुमच्या राउटरकडे वळू. खालच्या स्टिकरवर मॉडेलसोबत व्हर्जन छापलेलं असतं, ते नीट बघा. एकाच नावाच्या व्हर्जन २ आणि ३ मध्ये चिपच वेगळी असू शकते. ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर यादीत नेमकं तेच व्हर्जन सापडलं तरच पुढे जा. फ्लॅश झाल्यावर कॅलिब्रेशनच्या भागाची प्रत काढून दुसरीकडे ठेवा. अथेरॉसच्या चिपवाल्या राउटरांत त्या भागाचं नाव बहुधा 'आर्ट' असतं, मीडियाटेकच्या 'फॅक्टरी'. कारखान्यात मोजलेले तुमच्या रेडिओचे आकडे त्यात असतात. तो पुसला गेला तर वायफाय बिघडतं आणि दुसऱ्याच्या राउटरमधून उचलून चालत नाही. वायफाय सुरू करण्याआधी दोन्ही रेडिओंना देश भारत द्या आणि 'आयडब्ल्यू रेग गेट' (iw reg get) ही कमांड चालवून तो लागू झालाय का बघा. कित्येक चिपांमध्ये कारखान्यातच एक प्रदेश कोरलेला असतो. तिथे सेटिंग आणि चिप या दोघांनाही मान्य असेल तेवढंच मिळतं, तेव्हा एखादं चॅनल दिसलं नाही तर घाबरू नका.

राउटर सेवा पुरवठादाराने दिलेला असेल तर त्याला हात लावू नका, तो बहुधा त्यांच्या मालकीचा असतो. त्याच्यामागे स्वतःचा लावा. स्टिकरचा फोटो टाका, पण सिरियल नंबर, मॅक ॲड्रेस आणि छापील पासवर्ड झाकून. कुठली फाईल लागेल ते बघून सांगतो.