जाळ्याआधी उचल बघ

पोरी,
अनेक आशीर्वाद.

नवापूर तालुक्यात, तापीवरच्या उकाई धरणाच्या फुगवट्यावरच्या गावांत आपल्या संस्थेकडून तुझी नेमणूक झाल्याचं कळलं. मत्स्यशास्त्र शिकून समुद्राकडे न जाता तू तापीकडे आलीस, बरं वाटलं. खान्देशात मासेमारी चालते हे पुण्या-मुंबईच्या पुष्कळांना ठाऊकच नसतं. केळी, कापूस आणि भरीत यांच्यापुढे आपली ओळख सरकत नाही.

तू विचारलंस, सुरुवात कुठून करू? कुठून करू नकोस ते आधी सांगतो. पहिल्याच बैठकीत उभी राहून “लहान मासा मारू नका” असं भाषण ठोकू नकोस. ते त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. कटल्याच्या मादीला अंड्यावर यायला दोन-तीन वर्षं लागतात, हे तू पुस्तकात वाचलंस. त्यांनी गाबोळीनं भरलेलं पोट विळीवर चिरून पाहिलंय. तरीही बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, तंगूस जाळं रात्री पाण्यात जातंच. का जातं ते शोध. त्यासाठी एकच गोष्ट विचार, आणि चारचौघांत नाही, बांधावर बसून विचार: जाळं कोणाच्या पैशाचं?

बहुतेक वेळा ते व्यापाऱ्याच्या उचलीचं, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशाचं, निघेल. जून-जुलैत घरात दाणा नसतो, तेव्हा व्यापारी जाळं देतो, वर चार पैसे देतो. पुढे वर्षभर माल त्यालाच घालायचा, भाव तोच ठरवणार. मी एका काठावर पाहिलेला काटा सांगतो. माशांचं टोपलं काट्यावर चढलं, आकडा अजून हलत होता तोच व्यापाऱ्याच्या माणसानं वजन ओरडून टाकलं. मग दहा किलोमागे एक किलो “पाण्याचा” म्हणून वजा. मग अर्ध्या किलोच्या आतला मासा वेगळा काढून निम्म्या भावात. ज्याचं टोपलं होतं तो बिडी विझवून गप्प उभा. अशा माणसाला पाव किलोची रोहू परत पाण्यात सोड म्हणणं म्हणजे त्याच्या कर्जाचं व्याज वाढव म्हणणं. उचल फिटली, की त्याच माणसाचा आस आपोआप मोठा होतो. हे मी होताना पाहिलंय, म्हणून सांगतो.

लघु पाटबंधारे प्रकल्पांच्या तलावांवर हाच आजार वेगळ्या रूपात दिसेल. तिथे मच्छीमार सहकारी संस्थेला ठरावीक वर्षांचा ठेका मिळतो. ठेका पुन्हा मिळेल याची खात्री नसली की शेवटच्या वर्षी तलाव अक्षरशः खरवडून काढतात. त्यात त्यांचं काय चुकलं? उद्याचा मासा दुसऱ्याचा असेल तर आजचा कोण सोडेल? म्हणून ठेक्याची मुदत कधी संपते, लेखापरीक्षण झालंय का, सभेचं इतिवृत्त लिहिलंय का, हे तुझ्या डायरीच्या पहिल्या पानावर हवं. दप्तर अर्धवट राहिलं म्हणून चांगल्या चालणाऱ्या संस्थांचे ठेके गेलेले आहेत. वनहक्क कायदा, 2006 यातलं कलम 3 नीट वाच. सामूहिक हक्कांत मासे आणि पाणवठ्यांतलं इतर उत्पन्न आहे. अनुसूचित क्षेत्रात पेसा, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आहेच. दावा ग्रामसभेनं करायचा. तू कागद लावून द्यायचे.

आता आपल्या ऑफिसातली माणसं. तुला वाटेल, संस्था म्हणजे प्रमुख आणि तुम्ही दोघं-तिघं पदवीधर. तसं नाही. हिशेब बघणाऱ्या ताईंशी आधी जमवून घे. सहकारी संस्थांची दप्तरं त्याच सरळ करतात आणि काठावरच्या बायका नवऱ्याला न सांगता त्यांच्याकडे पैसे ठेवायला येतात. बाजारात पाटी घेऊन बसतात त्या बायकाच, त्यामुळे खरा भाव त्यांनाच माहीत असतो. गाडीवाल्या भाऊंना विचारल्याशिवाय बैठकीची जागा ठरवू नकोस. कोणत्या पाड्याचं कोणाशी वाकडं आहे ते त्यांना पाठ आहे. आणि गावातला आपला कार्यकर्ता बैठकीत डुलक्या घेताना दिसला तर रागावू नकोस. तो स्वतः भोई आहे, रात्रभर टायरच्या ट्यूबवर बसून जाळी सोडतो आणि सकाळी आपल्या कामाला येतो.

या लोकांचा पगार प्रकल्पावर असतो. प्रकल्प मार्चमध्ये संपला की पुढचं कोणालाच माहीत नसतं. म्हणजे धीर धरा, उद्याचा विचार करा असं सांगणारे आपण, आणि आपलाच ठेका वर्षाचा! काठावरची म्हातारी माणसं हे बरोबर हेरतात. “बेटा, तू आठे कितला दिन ऱ्हाशी?” असं तुला कोणीतरी विचारेलच. खोटं सांगू नकोस. वर्षभर आहे, असंच सांग, आणि तू गेल्यावर बंद पडेल असं काही सुरू करू नकोस. पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनाची योजना कोणी घेऊन आलं तर खाद्य कोण देणार, अनुदान संपल्यावर काय, हे आधी विचार. फोटो छान येतात त्याचे, एवढं खरं.

1972 साली उकाई धरण पूर्ण झालं, तेव्हा आपल्या बाजूची गावं आणि शेतं पाण्यात गेली. आज जाळं टाकणाऱ्यांत त्या शेतकऱ्यांची नातवंडं आहेत. म्हणून “परंपरागत मच्छीमार” असं सरसकट लिहू नकोस. काहींना हे काम बुडण्यातून मिळालंय.

बाकी शास्त्र तुला येतंच. तरी दोन गोष्टी सांगतो. बोटुकली, म्हणजे तलावात सोडायची बोटाएवढी पिल्लं, येईल तेव्हा वाटीनं मोजताना वाटी तू निवड. एका वाटीतली पिल्लं मोजून बाकीच्या वाट्या त्याच हिशेबानं धरतात, म्हणून विकणारा नेहमी शिगोशीग भरलेली वाटी मोजायला पुढे करतो. आणि पिशव्या आल्या आल्या फोडू देऊ नकोस, पंधरा-वीस मिनिटं बंद पिशवी तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेव. गाडीतलं पाणी आणि तलावाचं पाणी यांत फरक असतो, त्या धक्क्यानं पिल्लं मरतात आणि दोष मात्र तलावाला लागतो.

उन्हाळ्यात पांझरा, गिरणा, बुराई आटतात आणि मासा डोहात गोळा होतो. पुढच्या पावसाळ्याचं बियाणं तेच. तिथे ब्लीचिंग पावडर किंवा जिलेटिन पडलं तर सगळं संपलं. विष आणि स्फोटकांनी मासे मारणं 1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे, पण पोलिसांपेक्षा डोहाला गावाची राखण बरी पडते. कोणता डोह राखायचा ते त्यांनाच ठरवू दे. तू सुचवलेला डोह कोणी राखणार नाही.

मच्छीमार संस्थेचा स्वतःचा काटा घेणं हे तुझं पहिलं मोठं काम समज. काट्याला शेड हवी, बर्फ ठेवायला पेटी हवी, आणि काठावरच्यांपैकीच शिकलेली एखादी मुलगी वजन लिहायला हवी. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की बर्फाशिवाय तासाभरात भाव पडतो आणि व्यापारी त्याचीच वाट बघत बसतो. काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का घ्यायला विसरू नकोस, आणि त्याचं प्रमाणपत्र शेडमध्ये सगळ्यांना दिसेल असं लाव. ते नसलं तर व्यापारी पहिल्याच दिवशी भांडण उकरून काढेल.

तुझा,
भाऊ