हस्तिदंती चषकांची हौस : आरंभी एवढे सांभाळा

आपल्याला चांदीने मढवलेल्या हस्तिदंती चषकांची गोडी लागली, हे आपल्या पत्रात वाचून आनंद झाला. परंतु आधी कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे बंद आहे, मग विकणारा वस्तू कितीही जुनी सांगो. वाड्याच्या माळ्यावर वारशाने आलेला नग सापडलाच, तर प्रथम वनविभागाच्या कार्यालयात मालकीच्या कागदांची चौकशी करावी.

तोवर नजर तयार करावी, आणि खरा आनंद तिथेच आहे. सतराव्या शतकातील जर्मन कारागीर हस्तिदंताच्या मुळाकडील पोकळ भागावर उठावाची चित्रे कोरीत, आणि सोनार त्याला चांदीची, पुष्कळदा सोन्याचा मुलामा दिलेली बैठक, मूठ व झाकण बसवीत. जर्मनीतील ऑग्सबर्ग शहराच्या चांदीवर पाइनच्या शंकूचा ठसा असे. भिंगातून पाहिल्यास हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, तर हाडावर बारीक काळसर ठिपके.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- हस्तिदंत खरे की खोटे, याची तापलेली सुई टोचून परीक्षा करणे.
- चिंच-राखेने घासणे. त्याने मुलामा कायमचा जातो.
- चषक कूलरसमोर ठेवणे. आपल्याकडच्या मे महिन्यातील कोरडी हवा आणि कूलरचा दमटपणा यांच्या चढउताराने हस्तिदंताला तडे जातात.

संग्रहच करायचा असेल, तर सराफ्यातील जुन्या चांदीच्या पेल्यांपासून सुरुवात करावी आणि पावती अवश्य घ्यावी. ठशांचे बारकावे पुढे पाहू.