‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ एवढ्यावर समीकरण सुटत नाही

प्रश्न: माझी मुलगी सातवीत आहे. ३क्ष + ७ = २२ हे समीकरण तिने ३क्ष = १५ पर्यंत बरोबर आणलं आणि पुढे क्ष = १५ − ३ = १२ असं लिहिलं. म्हणते, पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं ना, मग ३ चे −३ झाले. तिला कसं समजावू?

उत्तर: ताई, मुलीने नियम पाळलाय, पण तो नियमच अर्धवट आहे. खरं तर पलीकडे काही जातच नाही, आपण दोन्ही बाजूंवर सेम क्रिया करतो, ७ मिळवलेले होते म्हणून दोन्हीकडून ७ वजा केले, डावीकडचे संपले आणि उजवीकडे २२ − ७ राहिलं, वरवर बघितलं की वाटतं +७ चे −७ झाले. आता ३क्ष मधे ३ मिळवलेले नाहीयेत, ३ ने गुणलंय, त्याची उलट क्रिया म्हणजे भागाकार, म्हणून दोन्ही बाजूंना ३ ने भागायचं, क्ष = ५. वजा करून बघू दे तिला, डावीकडे ३क्ष − ३ राहील, क्ष सुटा होणारच नाही.

तिला समीकरण आधी तोंडी वाचायला लावा: एक संख्या घेतली, ३ ने गुणली, ७ मिळवले, २२ आले. सोडवताना शेवटून मागे यायचं, जे शेवटी केलं ते आधी उलटवायचं. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास हेच सांगितलंय, गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी!

आधी ३ ने भागलं तर? चालतं की, पण मग ७ ला पण भागावं लागतं, क्ष + ७/३ = २२/३, उत्तर ५ च येतं पण अपूर्णांकांचा पसारा होतो आणि बरीच मुलं नेमकं त्या ७ ला भागायला विसरतात.

−४क्ष = २० असं काही आलं की नीट लक्ष ठेवा. चिन्ह बदलायच्या सवयीने मुलं सरळ क्ष = ५ लिहितात. गुणलंय −४ ने, तर भागायचं पण −४ नेच, म्हणजे क्ष = −५.

आणि ताळा प्लीज सोडू देऊ नका. आलेली किंमत मूळ समीकरणात घालायची, १२ घातले तर ३ × १२ + ७ = ४३ येतात, २२ नाही, म्हणजे ही चूक तिची तिलाच सापडली असती.