मित्रांवर केलेली चाचणी चालत नाही : मानवकेंद्री आणि शाश्वत अभियांत्रिकीची प्रश्नोत्तरे

दर सत्रात प्रश्न नवे येतात, गोंधळ मात्र तोच असतो. म्हणून काही उत्तरं इथे एकत्र देतो आहे.

गणित कच्चं आहे. ही शाखा म्हणजे डिझाइनच ना, झेपेल का?

संख्याशास्त्र आणि उष्मागतिकी यांतून सुटका नाही. गणित पक्कं करूनच या.

सहा आठवड्यांच्या ऑनलाइन ‘ग्रीन इंजिनिअर’ सर्टिफिकेटवर नोकरी मिळते असं ऐकलं. पदवीऐवजी चालेल का?

कोणाकडून ऐकलं? बहुधा विकणाऱ्याकडूनच. पदवीची जागा ते घेत नाही. पदवी निवडतानाही नावाला भुलू नका, कारण जुन्याच अभ्यासक्रमाला ‘सस्टेनेबल’ची पाटी लावलेली सर्रास दिसते. विषयांची यादी मागवा. जीवनचक्र मूल्यांकन (वस्तू बनण्यापासून टाकून देईपर्यंतच्या पर्यावरणीय परिणामांचा हिशोब) सक्तीचं आहे की ऐच्छिक? एर्गोनॉमिक्सची, म्हणजे माणसाच्या शरीराला सोयीच्या रचनेच्या शास्त्राची, प्रयोगशाळा आहे का? प्रत्यक्ष वापरकर्त्यांबरोबर निदान एक प्रकल्प होतो का? प्रवेश विभागाकडून उत्तरं लेखी घ्या.

प्रकल्पातला डबा पीएलए या वनस्पतीजन्य प्लास्टिकचा केला. तो विघटनशील आहे, मग अहवालात ‘शाश्वत’ लिहू का?

नको. पीएलए मोडायला औद्योगिक कंपोस्टिंगमधली सुमारे ५८ अंश सेल्सिअसची उष्णता लागते. घरच्या कंपोस्टमध्ये किंवा समुद्रात तो वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. पुनर्वापराच्या पीईटीत (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) मिसळला तर तो मालही बिघडवतो. डबा टाकून दिल्यावर नेमका कुठे जाणार, ते आधी शोधा आणि मगच विशेषण लावा.

चिनी मातीचा कप आणि कागदी कप यांची तुलना केली. कागदी हलका म्हणून जिंकला, पण गाइड म्हणतात चूक आहे.

गाइड बरोबर आहेत. तुलना वस्तूंची नसते, कामाची असते. जीवनचक्र मूल्यांकनाच्या आयएसओ १४०४० या मानकात त्यालाच फंक्शनल युनिट म्हणतात. ‘२०० मिली गरम पेय १,००० वेळा देणं’ हे काम धरा. कागदी कप १,००० लागतील. मातीचा कप ५०० वापर टिकतो असं धरलं तर दोन कप आणि जवळपास १,००० धुणी. आता निकाल बराचसा धुण्याच्या पाण्यावर फिरतो: गरम की थंड, आणि गरम असेल तर कशावर तापवलेलं. हे गृहीतक बदलून गणित पुन्हा करा. या हिशोबाचं ओपनएलसीए हे सॉफ्टवेअर मोफत आहे, पण चांगले डेटाबेस बहुधा विकतचे असतात, तेव्हा परवाना आहे का ते विभागात विचारा.

अंतिम वर्षाला ज्येष्ठांसाठी गोळ्यांची डबी करतोय. मॉडेल पूर्ण झालं की सादरीकरणाआधी पाच मित्रांकडून चाचणी घेणार. पाच पुरतात ना?

हे ‘पाच पुरतात’ अर्धवट ऐकून सगळीकडे पसरलं आहे. एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात, एवढंच ते गणित. ३१ हा आकडा संगणकीय इंटरफेसच्या चाचण्यांमधला आहे. वस्तू बदलली की तोही बदलतो. शिवाय हे पाच जण ज्यांच्यासाठी वस्तू आहे त्यांच्यातलेच हवेत. संधिवाताच्या बोटांना दाद न देणारं झाकण तुमचा विशीतला मित्र गप्पा मारता मारता उघडेल आणि तुम्ही अहवालात ‘यशस्वी’ लिहाल.

त्यात वेळेचा घोळ. मॉडेल पूर्ण झाल्यावर चाचणी घेतलीत तर दोष सापडूनही हाती काही उरत नाही. तिसऱ्या आठवड्यातच पुठ्ठ्याची डबी करा. पाच जण, दुरुस्ती, पुन्हा नवे पाच, असे निदान तीन फेरे व्हायला हवेत. डबीत खरी औषधं ठेवू नका. ‘मंगळवार सकाळच्या गोळ्या काढा’ एवढंच सांगा आणि गप्प बसा. ‘इथे दाबा’ म्हणालात की ती चाचणी बाद. अंगठा कुठे अडतो, झाकण कोणत्या बाजूने उचकटलं जातं, गोळी सांडते का, किती सेकंद गेले, हे सगळं टिपा. उघडायच्या बाजूचा बाण नेमका अंगठ्याखाली झाकला जातो आणि माणूस उलट्या बाजूने झटत बसतो. संगणकावरच्या आराखड्यात अंगठाच नसतो, त्यामुळे तिथे हे कळत नाही. शेवटी एसयूएसची (वापरसुलभता मोजणारी प्रश्नावली) १० विधानं भरून घ्या. त्यातले गुण म्हणजे टक्के नव्हेत. सरासरी ६८च्या आसपास असते.

माणसांवरच्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीचा अर्ज विषय ठरताच टाका. मंजुरीला कित्येकदा आठवडे लागतात, आणि चाचणी उरकून मागाहून ती मिळत नाही. संमतिपत्रात मध्येच थांबण्याची मुभा स्पष्ट लिहा. डबीची रचना गाइडबरोबरच एखाद्या फार्मासिस्टलाही दाखवा.

पकड सरासरी हाताच्या मापाने आखली तर?

सगळ्याच मापांत सरासरी असलेला माणूस सापडत नाही. अमेरिकी हवाई दलाच्या १९५२च्या अहवालात ४,०६३ जणांपैकी एकही दहाच्या दहा मापांत सरासरीजवळ बसला नव्हता. हात पोहोचायचा असेल तिथे ५वा पर्सेंटाइल (ज्याहून फक्त ५ टक्के लोकांचं माप लहान असतं) धरा, आत मावायचा असेल तिथे ९५वा. मापांचा तक्ता कोणत्या लोकसंख्येचा आहे तेही बघा.

वापरकर्ते मिळत नाहीत. एआयकडून मुलाखती लिहून घेतल्या तर?

तो बनावट डेटा ठरेल. प्रश्नावलीची भाषा तपासायला एआय वापरा, तेही गाइडना विचारून.