शाळेचा निकाल आणि शाळेचा खर्च

प्रश्न : माझी मुलगी व जावई अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका उपनगरात घर घेण्याच्या विचारात आहेत. शेजारशेजारच्या दोन स्कूल डिस्ट्रिक्टपैकी (म्हणजे सरकारी शाळा चालवणारे स्थानिक विभाग; घर ज्या विभागात, तिथल्या शाळेत मुले जातात) एकाचा निकाल बराच वरचा आहे. दुसऱ्यात दर विद्यार्थ्यामागे खर्च जास्त असूनही निकाल कमी आहे. हा जादा पैसा वाया जातो, असे समजावे का? — एक वाचक

उत्तर : एवढ्या दोन आकड्यांवरून तसे समजू नये. निकाल, म्हणजे परीक्षेत अपेक्षित पातळी गाठणाऱ्या मुलांची टक्केवारी, शाळेने काय शिकवले यापेक्षा शाळेत कोणत्या घरांतली मुले येतात, हेच पुष्कळदा सांगत असते. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या 1966 सालच्या देशव्यापी अहवालातही मुलांच्या यशातील फरकाचा संबंध शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक दिसला होता. जेथे घरे महाग, तेथे सुस्थितीतल्या पालकांची मुले गोळा होतात, निकाल चढतो आणि निकालापायी घरे आणखी महागतात. घरे विकणाऱ्यांच्या हे चक्र चांगलेच पथ्यावर पडते.

आता खर्चाविषयी. तेथील सरकारी शाळांच्या पैशात केंद्राचा वाटा साधारण दहाव्या हिश्श्याचा, बाकीचा भार राज्यावर आणि स्थानिक घरपट्टीवर. घरपट्टीतून येणाऱ्या विषमतेने देशाच्या राज्यघटनेचा भंग होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1973 साली टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी दिला आणि हा वाद मुख्यतः राज्यांच्या न्यायालयांत लढला जाऊ लागला. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ॲबट’ खटल्यात 1990 साली गरीब शहरी डिस्ट्रिक्टचा खर्च श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीला आणण्याचा आदेश दिला. पुढे 2008 च्या कायद्याने गरीब घरांतील आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांमागे अधिक रक्कम धरण्याचे सूत्र संपूर्ण राज्याला लागू केले. शिवाय विशेष गरजा असलेल्या एखाद्या मुलाला डिस्ट्रिक्टबाहेरच्या शाळेत पाठवावे लागले, तर त्या शाळेची फी आणि रोजच्या बसचा खर्च मूळ डिस्ट्रिक्टलाच उचलावा लागतो. अशी काही मुले असली, की छोट्या डिस्ट्रिक्टची सरासरी लगेच फुगते आणि डिस्ट्रिक्टमधल्या नेहमीच्या वर्गांना त्यातला एक डॉलरही मिळालेला नसतो. मात्र पैशाने काहीच साधत नाही, असेही नव्हे. न्यायालयांच्या आदेशांनी निधी वाढला तेथे गरीब मुलांचा फायदा झाल्याचे अलीकडच्या अभ्यासांत आढळले आहे.

मुलीला राज्याच्या शिक्षण विभागाने दरवर्षी प्रसिद्ध केलेले दोन्हीकडच्या शाळांचे अहवाल काढायला सांगा. त्यांत एकूण टक्केवारीच्या आधी मुलांची वर्षभरातील प्रगती पाहावी. मग गरीब घरांतील, विशेष गरजा असलेल्या अशा गटांचे निकाल एकमेकांशी ताडावेत आणि वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांचे प्रमाणही पाहावे. गट फारच लहान असेल, तर त्याचा आकडा छापत नाहीत. समान गटांचे निकाल आणि प्रगती दोन्हीकडे सारखी निघाली, तर केवळ वरच्या टक्केवारीसाठी घराची जादा किंमत मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.